न थांबलेलं रहाटगाडगं

ओआरएसच्या पुडीवर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत चार ओळी छापलेल्या असतात. सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. एकूण साडेवीस ग्रॅम, एक लिटर पाण्यासाठी. हे जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र. आपल्या घरात ही पुडी औषधांच्या डब्यात तापाच्या गोळ्यांखाली कुठेतरी दडपलेली असते आणि कुणाचं पोट बिघडेपर्यंत तिची आठवण होत नाही. या पुडीनं गेल्या पन्नास वर्षांत पाच कोटींहून अधिक जीव वाचवले असावेत, असा अंदाज आहे. १९७८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं संपादकीयात हा विसाव्या शतकातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध असेल, असं म्हटलं होतं. पेनिसिलिन आणि इन्सुलिन त्याच शतकातली, हे लक्षात घेतलं की त्या विधानाचं वजन कळतं.

मीठ, साखर आणि पाणी यांत शोध लागण्यासारखं काय आहे? भरपूर आहे. तो समजायला आधी आतड्यात उतरावं लागेल.

आपल्या आतड्यातून रोज आठ-नऊ लिटर द्रव वाहतो. त्यातलं आपण प्यायलेलं असतं दोनेक लिटर. बाकीची लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचे स्वतःचे पाझर. एवढ्या पाण्यातलं शौचावाटे बाहेर पडतं जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर. उरलेलं सगळं आतडं परत रक्तात ओढून घेतं. हा सौदा आपल्या नकळत दिवसरात्र चालू असतो, आणि त्यात थोडी जरी गडबड झाली तरी आपल्याला जुलाब होतात.

पटकीत, म्हणजे कॉलऱ्यात, थोडी नाही तर पुरती गडबड होते. पटकीचा जंतू आतड्याच्या पेशी फोडत नाही, रक्तात शिरत नाही. तो आतड्याच्या अस्तरावर बसतो आणि एक विष सोडतो. हे विष पेशीत शिरून तिच्या आतला एक संदेश कायमचा ‘चालू’ करून ठेवतं. पेशी क्लोराइड बाहेर ओतत सुटते, त्याच्यामागे सोडियम जातं आणि त्यांच्यामागे पाणी. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब सुरू होतात. मोठ्या माणसाच्या शरीरातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकतं. डोळे खोल जातात, आवाज बसतो, चिमटीत धरून सोडलेली कातडी तशीच उभी राहते. सकाळी शेतावर गेलेला माणूस दिवेलागणीला नसायचा. आपल्या गावोगावची मरीआईची देवळं या दहशतीतून उभी राहिली. साथ आली की देवीचा गाडा वाजतगाजत शिवेपलीकडे नेऊन सोडायचे. उपचार न मिळालेल्या गंभीर रुग्णांतले निम्म्याहून जास्त दगावायचे.

हे सगळं जंतूनं सोडलेल्या विषामुळेच होतं, हे सिद्ध करणारे संशोधक कोलकात्याचे शंभुनाथ डे. त्यांनी १९५९ साली जंतू गाळून काढलेला नुसता द्रव सशाच्या आतड्यात सोडला आणि आतडं पाण्यानं फुगलेलं दाखवलं. रॉबर्ट कॉखनं कोलकात्यातच पटकीचा जंतू वेगळा केला होता तो १८८४ साली. जंतू हाती लागल्यापासून त्याचं शस्त्र हाती लागेपर्यंत पंचाहत्तर वर्षं गेली.

जे पाणी गेलं ते परत द्यावं, ही कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. १८३१-३२ च्या साथीत विल्यम ओशॉनेसी या जेमतेम बाविशीतल्या डॉक्टरनं पटकीच्या रुग्णांचं रक्त तपासलं आणि त्यात पाणी व क्षार कमी झाल्याचं सांगितलं. (हाच ओशॉनेसी पुढे भारतात आला आणि त्यानं इथे तारायंत्राचं जाळं उभारलं.) ते वाचून स्कॉटलंडमधल्या लीथ गावच्या थॉमस लाटा या डॉक्टरनं १८३२ साली एका मरणासन्न वृद्धेच्या शिरेत मिठाचं पाणी सोडायला सुरुवात केली. सहा पाइंट आत गेलं तेव्हा ती बोलू लागली, हातपाय गरम झाले. लाटा विश्रांतीला गेला. जुलाब चालूच होते, पण पाणी पुन्हा सोडलं गेलं नाही आणि काही तासांत ती गेली. आजच्या सलाईनचा जन्म असा झाला. पुढची सव्वाशे वर्षं पटकीवर खात्रीचा इलाज एकच होता: शिरेतून द्रव, तोही जातो तेवढा. त्यासाठी निर्जंतुक बाटल्या हव्यात, सुया हव्यात, शीर शोधता येणारा माणूस हवा. पटकी नेमकी जिथे यायची तिथे यातलं काहीच नसायचं.

मग तोंडानंच का नाही पाजायचं? पाजून पाहिलं होतं. साधं पाणी प्यायला दिलं तर ते सरळ बाहेर पडे. मिठाचं पाणी दिलं तर जुलाब वाढत. डॉक्टरांचा समज असा की आतड्याचं अस्तरच खराब झालंय, त्याला विश्रांती द्यावी, पोट रिकामं ठेवावं. हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी १९५३ साली कोलकात्यात १८६ रुग्णांना मीठ आणि ग्लुकोज घातलेलं पाणी पाजून बरं केल्याचं ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. जगानं फारशी दखल घेतली नाही. हे रुग्ण बरे का झाले, हे सांगणारी चौकट तेव्हा कुणाजवळच नव्हती.

ती चौकट १९६० च्या ऑगस्टमध्ये प्रागमध्ये भरलेल्या एका परिषदेत मिळाली. रॉबर्ट क्रेन नावाच्या अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञाला पटकीशी काही देणंघेणं नव्हतं. साखर आतड्याच्या पेशीत शिरते कशी, एवढाच त्याचा प्रश्न होता. त्यानं मांडलं की साखर एकटी शिरतच नाही, ती सोडियमचा हात धरून शिरते.

याचं यंत्र मला रहाटगाडग्यासारखं दिसतं. पेशीच्या आतड्याकडच्या भिंतीत एक प्रथिन बसलेलं असतं. त्याला आज एसजीएलटी-१ म्हणतात. त्याचं तोंड बाहेरच्या बाजूला उघडतं, त्यात सोडियमचे दोन आयन आणि ग्लुकोजचा एक रेणू बसतो. तिघं जागेवर बसले की प्रथिन आपली घडी बदलतं, तोंड आतल्या बाजूला उघडतं, माल पेशीत रिकामा होतो आणि रिकामं गाडगं पुन्हा बाहेरच्या बाजूला येतं. एकट्या सोडियमनं किंवा एकट्या ग्लुकोजनं हा फेरा नीट होत नाही. रहाटाला बैल लागतो, तसा इथेही आहे. पेशीच्या पलीकडच्या, रक्ताकडच्या भिंतीत एक पंप सतत सोडियम बाहेर फेकत असतो, त्यामुळे पेशीच्या आत सोडियमची टंचाई राहते आणि बाहेरचं सोडियम आत यायला धडपडतं. या धडपडीवरच रहाट फिरतो आणि साखर आत ओढली जाते. सोडियम आणि साखर आत गेली की पाणी मागोमाग येतं.

पटकीचं विष क्लोराइडचा मार्ग उघडा टाकतं. मीठ आत घेण्याचे दुसरे काही मार्गही ते बंद पाडतं. या रहाटाला मात्र ते हात लावत नाही. घरात पूर आलाय, सगळं वाहून चाललंय आणि त्याच वेळी एक रहाट शांतपणे उलट्या दिशेनं पाणी ओढायला तयार आहे. त्याला फक्त मीठ आणि साखर एकत्र, मापात, मिळायला हवी. म्हणून आजच्या सूत्रात सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही लिटरमागे ७५ मिलिमोल ठेवलेले आहेत, अगदी बरोबरीनं. साखर वाढवली तर बिघडतं, कारण न शोषलेली साखर उलट शरीरातलं पाणी आतड्यात खेचते. कोल्ड्रिंक आणि पॅकबंद ज्यूस जुलाबात देऊ नयेत, ते यासाठीच.

आणखी एक गोष्ट मला या सगळ्यात विलक्षण वाटते. आतड्याचं अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवं होतं. विषानं पछाडलेल्या पेशी झडून जातात, त्यांच्या जागी कोऱ्या पेशी येतात. म्हणजे पटकी शरीर स्वतःच बरी करतं. माणसाला तेवढे दिवस तग धरता यावा, एवढंच करायचं असतं.

तरी माप चुकलं की हाच उपाय जीव घेऊ शकतो. १९६२ मध्ये मनिलात रॉबर्ट फिलिप्स या अमेरिकन नौदलातल्या डॉक्टरच्या प्रयोगात असेच काही रुग्ण दगावले, आणि काही वर्षं कुणी या वाटेला जायला धजावलं नाही. १९६८ साली ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या तिशीही न गाठलेल्या दोघांनी मनिलाच्या चुकीचा उलगडा केला. पटकीच्या वॉर्डातली खाट वेगळी असते: कॅनव्हासची, मध्यभागी भोक असलेली, खाली खुणा केलेली बादली. बादलीत किती जमलं ते ठरावीक तासांनी मोजायचं आणि पुढच्या तासांत तेवढंच पाजायचं, असा त्यांचा नियम. अंदाजपंचे काही नाही. शिरेतल्या सलाईनची गरज ८० टक्क्यांनी घटली. कोलकात्यातही त्याच सुमारास दुसरा गट याच निष्कर्षावर आला.

पण हे सगळं संशोधन-वॉर्डातलं. तिथे तज्ज्ञ होते, परिचारिका होत्या, मोजमाप होतं. गावात, आईच्या हातून, हे जमेल यावर तज्ज्ञांचा विश्वास नव्हता.

१९७१ साली बांगलादेश मुक्तियुद्धात सुमारे एक कोटी माणसं सीमा ओलांडून भारतात आली. सीमेवरच्या बनगावात छावण्यांमध्ये पटकी पसरली. जूनच्या अखेरीस कोलकात्याहून दिलीप महालनबीस हे बालरोगतज्ज्ञ तिथे पोहोचले. इस्पितळात दोन खोल्या, सोळा खाटा. खाटा केव्हाच भरलेल्या. रुग्ण जमिनीवर, जुलाब आणि उलट्यांच्या थारोळ्यात. शिरेतून सलाईन द्यायचं तर त्या घाणीत गुडघे टेकून बसावं लागे. सलाईनच्या बाटल्याही दोन-तीन आठवड्यांत संपत आल्या.

महालनबीसांपुढे नियम मोडण्यावाचून वाट नव्हती. तोंडानं पाजायच्या द्रावणाची मोठ्या प्रमाणावर कसून चाचणी झालेली नव्हती, आणि इथे तर मोजायला माणसंच नव्हती. त्यांनी सर्वांत साधी कृती निवडली: एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. कोलकात्यात जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधन केंद्राच्या ग्रंथालयाच्या खोलीत पोत्यांतून ग्लुकोज आणि मीठ वजन करून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरायचं, गरम इस्त्रीनं तोंड बंद करायचं, आणि पिशव्या गाडीनं बनगावला धाडायच्या. तिथे सोळा लिटरच्या, तोटी लावलेल्या पिंपांत द्रावण तयार व्हायचं. नातेवाईक पेले घेऊन यायचे, भरायचे, आपल्या माणसाच्या तोंडाशी धरायचे. हे प्यायचं सलाईन आहे, असं त्यांना सांगितलं जाई, म्हणजे सुईवर बसलेला विश्वास पेल्यावरही बसावा. मोजमाप तहानेवर सोडलं होतं. ज्याच्या शरीरात पाणी कमी, तो आपण होऊन जास्त पितो, आणि भरून आलं की पेला बाजूला सारतो.

आठ आठवड्यांत ३,७०० हून अधिक रुग्ण. मृत्यूचं प्रमाण तीसेक टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. ते पाजणारे बहुतेक जण आई, बाप, भाऊ, शेजारी होते. तज्ज्ञ ज्यांच्यावर विश्वास टाकायला तयार नव्हते, नेमके तेच. माझ्या मते वैद्यकाच्या इतिहासातल्या मोठ्या प्रयोगांपैकी हा एक आहे, आणि तो ज्या परिस्थितीत झाला ती पाहता सर्वांत धाडसी. तो अहवाल १९७३ साली प्रसिद्ध झाला. त्याआधी जागतिक आरोग्य संघटनेचे धीमान बरुआ यांनी बनगाव स्वतः पाहिलं आणि पुढे त्यांनी संघटनेत या उपचाराचा आग्रह धरला. १९७८ मध्ये संघटनेनं जुलाबांविरुद्ध जागतिक कार्यक्रम हाती घेतला. महालनबीस २०२२ च्या ऑक्टोबरात गेले. पद्मविभूषण मरणोत्तर, २०२३ साली मिळालं.

पुडी जिथे पोहोचणार नाही तिथे काय? हा प्रश्न बांगलादेशात ‘ब्रॅक’ या संस्थेनं सोडवला, आणि त्यांच्या कामाची रीत मला रहाटाइतकीच थक्क करते. तीन बोटांच्या चिमटीनं मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. गूळ अशासाठी की तो प्रत्येक झोपडीत असतो. १९८० पासून दहा वर्षं जेमतेम शिकलेल्या तरुणी घरोघर गेल्या: चौदाजणी, एक स्वयंपाकी आणि एक पर्यवेक्षक अशी एकेक तुकडी. त्या पत्रकं वाटत नव्हत्या. प्रत्येक आईला स्वतःच्या हातानं द्रावण करायला लावत, सात गोष्टी तोंडपाठ करवून घेत. महिनाभरानं दुसरंच कुणी येऊन काही घरांत विचारपूस करी, आणि आईला जेवढं आठवे त्यावर त्या तरुणीचा पगार ठरे. शिकवलं किती, यावर एक पैसा नाही.

तरी सुरुवातीला आयांना सगळं पाठ होतं, पण बाळाला जुलाब लागल्यावर करत थोड्याच होत्या. शोध घेतल्यावर कळलं की शिकवणाऱ्यांपैकीच अनेकींचा त्या पाण्यावर विश्वास नव्हता. मग त्यांना हे का चालतं ते नीट समजावलं गेलं. पुरुषांनाही वगळलं होतं. घरात काय चालेल ते ठरवणारे तेच, म्हणून हाटात, मशिदीत, शाळांत बैठका सुरू झाल्या. दशकाअखेर सव्वा कोटीच्या आसपास घरं झाली. जुलाबात ओआरएस देण्याचं प्रमाण आज ज्या देशांत सर्वाधिक आहे, त्यांत बांगलादेश आहे.

१९८० च्या आसपास जगात दरवर्षी पाच वर्षांखालची ४५ लाखांहून अधिक मुलं जुलाबांनी जात. आज तो आकडा साडेचार लाखांच्या आसपास आहे. यात स्वच्छ पाणी, गोवराची लस, चांगलं पोषण यांचा वाटा आहेच. १४ दिवसांच्या झिंकच्या गोळ्या आता ओआरएसच्या जोडीला आल्या. रोटाव्हायरसवरच्या दोन लशी भारतात तयार झाल्या: एक दिल्लीत नवजात बाळांत सापडलेल्या विषाणूपासून हैदराबादेत घडलेली रोटाव्हॅक, दुसरी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची, उष्णतेत टिकणारी रोटासिल. पण आजारी पडलेलं मूल समोर असताना, त्या तासाला, आईच्या हातात असलेलं साधन अजून तेच आहे.

साडेचार लाख हा आकडा मला स्वस्थ बसू देत नाही, कारण यातलं जवळजवळ प्रत्येक मूल वाचवता येतं हे आपल्याला माहीत आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जुलाब झालेल्या भारतीय मुलांपैकी सुमारे ६१ टक्क्यांना ओआरएस मिळालं होतं. तिसऱ्या सर्वेक्षणात हेच प्रमाण २६ टक्के होतं. चढण खरी आहे. उरलेले ३९ टक्के का राहिले? कर्नाटक आणि बिहारमधल्या दोन हजारांहून अधिक खासगी डॉक्टरांवर झालेला एक अभ्यास २०२४ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. ओआरएस उपयोगी आहे हे डॉक्टरांना ठाऊक होतं. पण रुग्णाला ते नको असतं, त्याला ‘खरं औषध’ हवं असतं, असं ते गृहीत धरत. एखाद्या पालकानं स्वतःहून ओआरएस मागितलं की डॉक्टर ते बरंच जास्त लिहून देत. तेव्हा दवाखान्यात शिरल्यावर ‘डॉक्टर, ओआरएस लिहून द्याल ना?’ एवढं विचारलं तरी फरक पडतो. आणि घेताना खोक्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते पाहावं. जास्त साखरेची पेयं ‘ओआरएस’ हे नाव लावून विकली जात होती. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी काही वर्षं नेटानं पाठपुरावा केला आणि २०२५ च्या ऑक्टोबरात अन्नसुरक्षा प्राधिकरणानं पेयांवर ते नाव वापरायला मनाई केली.

रहाटाची गोष्ट आतड्यापाशी थांबलेली नाही. एसजीएलटी-१ चं एक भावंड मूत्रपिंडात आहे, एसजीएलटी-२. रक्त गाळताना निसटलेली साखर ते परत शरीरात ओढून घेतं. सफरचंदाच्या झाडाच्या सालीत सापडणारं फ्लोरिझिन हे रसायन या दोन्ही रहाटांना अडवतं, हे जुन्या प्रयोगशाळांना ठाऊक होतं. औषधशास्त्रज्ञांनी त्यात बदल करत फक्त मूत्रपिंडातला रहाट थांबवणारी औषधं तयार केली: डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन. मधुमेह्याची जादा साखर लघवीवाटे जावी, एवढीच अपेक्षा होती. २०१५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनच्या मोठ्या चाचणीत दिसलं की हृदयविकाराचा धोका असलेल्या मधुमेह्यांमध्ये हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजारानं होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी घटले. पुढे मधुमेह नसलेल्या, हृदय निकामी होत चाललेल्या रुग्णांनाही या गटातल्या औषधांचा फायदा झाला आणि मूत्रपिंडांनाही. ते का होतं यावर अजून संशोधन चालू आहे. भारतात मधुमेहाचे दहा कोटींहून अधिक रुग्ण आहेत. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट इथे २०२० मध्ये संपलं, एम्पाग्लिफ्लोझिनचं २०२५ च्या मार्चमध्ये, आणि गोळीची किंमत धाडकन उतरली.

क्रेननं प्रागमध्ये जे मांडलं ते त्याला कधी डोळ्यांनी दिसलं नव्हतं. ‘नेचर’मध्ये अलीकडे, २०२१-२२ च्या सुमारास, या दोन्ही प्रथिनांची चित्रं आली; अतिशीत तापमानात गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं टिपलेली. त्यात ती साखरेची जागा दिसते, एम्पाग्लिफ्लोझिनचा रेणू तिच्यात अडकून बसलेला दिसतो आणि गाडग्याचं तोंड कुठल्या बाजूला उघडलंय तेही दिसतं.